मन ऐकणाऱ्याची तालीम
समुपदेशन आणि कलोपचार यांच्या पदव्युत्तर शिक्षणाची ओळख



नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्यात देशातील शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना आहेत. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने मुलांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, ही त्यांपैकी एक. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडून ठेवावेत आणि शिक्षक-कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा या विषयाचे प्रशिक्षण द्यावे, असेही त्यात सांगितले आहे.

म्हणजे समुपदेशक असावा की नसावा, हा वाद आता उरलेला नाही. नेमायचा तो कोण, हा खरा प्रश्न आहे. गोड बोलणाऱ्या, मुलांत रमणाऱ्या एखाद्या बाईंकडे हे काम सोपवून चालेल काय? चित्रकलेच्या सरांनी आठवड्यातून एक तास मुलांना मोकळेपणी रंगवू दिले, तर त्याला कलोपचार म्हणता येईल काय? आणि कलेची आवड असलेल्या, माणसांविषयी आस्था असलेल्या आपल्या अकरावी-बारावीच्या मुलामुलींना या क्षेत्रात जायचे असेल, तर त्यांनी काय शिकावे?

गरज किती आहे?

बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात आपले मध्य प्रदेशही होते. १३ ते १७ वर्षे वयाच्या मुलांमध्ये मानसिक विकारांचे प्रमाण त्यात ७.३ टक्के आढळले. चाळीस मुलांच्या वर्गाचा हिशेब केला तर सरासरी तीन मुले. ही तीन मुले वर्गात ओरडत नाहीत, वस्तू फेकत नाहीत. बहुधा ती गप्प असतात, मागच्या बाकावर असतात, आणि प्रगतिपुस्तकात त्यांच्या नावापुढे 'लक्ष देत नाही' एवढाच शेरा असतो. काही तर पहिल्या पाचातही असतात.

कोण कोणाला म्हणावे?

बोलण्यात आपण सर्वांना 'मानसशास्त्रज्ञ' म्हणून मोकळे होतो. प्रत्यक्षात ही वेगवेगळ्या शिक्षणाची माणसे आहेत.

मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो. एम.बी.बी.एस. नंतर त्याने मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले असते आणि तो औषधे देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा डॉक्टर नसतो. विकाराची पारख, मानसिक चाचण्या आणि मानसोपचार हे त्याचे काम. त्याला १९९२ च्या कायद्याखालील भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. समुपदेशक हा सहसा मानसशास्त्रात किंवा समुपदेशनात एम.ए. केलेला असतो. अभ्यासाचा ताण, घरातले कलह, मृत्यूचे दुःख, मित्रांशी तुटलेले संबंध अशा प्रश्नांतून वाट काढायला तो सोबत करतो, आणि प्रश्न आपल्या आवाक्याबाहेरचा दिसला तर वेळीच वरच्या तज्ज्ञाकडे पाठवतो.

कलोपचारक यापेक्षा वेगळा असतो तो साधनांमुळे. बोलण्याच्या जोडीला तो चित्र, माती, ताल, हालचाल, गोष्ट आणि नाट्य यांचा उपयोग करतो. एकाच कलेवर भर दिला तर चित्रोपचार, संगीतोपचार, नृत्योपचार अशी नावे पडतात. अनेक कलांचा एकत्र उपयोग केला की त्याला एक्स्प्रेसिव्ह आर्ट्स थेरपी म्हणतात.

ही कल्पना आली कोठून?

इंग्लंडमधील चित्रकार ॲड्रियन हिल क्षयरोगाने आजारी होऊन आरोग्यधामात पडून होते. तेथे चित्रे काढताना आपल्याला उभारी येते, हे त्यांच्या ध्यानात आले. मग त्यांनी इतर रुग्णांनाही चित्रे काढायला लावली, आणि १९४२ मध्ये या कामाला 'आर्ट थेरपी' हे नाव दिले. पुढे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील लेझ्ली कॉलेजमध्ये शॉन मॅकनिफ यांनी १९७४ मध्ये अनेक कला एकत्र आणणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. त्यांचे सहकारी पाओलो क्निल यांनी या शाखेची बरीचशी तात्त्विक मांडणी केली. समुपदेशनाचे थोर अभ्यासक कार्ल रॉजर्स यांची कन्या नॅटली रॉजर्स यांनी वडिलांच्या विचारांना कलेची जोड दिली. समोरच्याला समजून घ्यावे, त्याला बिनशर्त स्वीकारावे आणि आपण स्वतः खोटे वागू नये, या वडिलांच्या तीन अटी त्यांनी कलेच्या खोलीतही लागू केल्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये कला आणि आरोग्य यांविषयीच्या ९०० हून अधिक प्रकाशनांचा आढावा घेतला. आजार टाळण्यात आणि उपचारांना साहाय्य करण्यात कलेचा उपयोग होऊ शकतो, असे त्यात दिसून आले. साहाय्य हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. ज्याला औषधाची गरज आहे, त्याचे औषध चित्र काढून सुटत नाही.

मराठी माणसांचे काम

महाराष्ट्रात या कामाच्या जवळचे प्रयत्न गेली चार दशके चालू आहेत. १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचे त्याला मोठे साहाय्य झाले. अनिल अवचट स्वतः बासरी वाजवत, लाकडात कोरीवकाम करत, कागदाच्या घड्यांतून ओरिगामीच्या वस्तू घडवत. व्यसन सुटल्यावर मोकळा झालेला वेळ आणि मोकळे झालेले हात कशात गुंतवायचे, हा तेथे येणाऱ्या माणसापुढचा खरा प्रश्न असतो. संगीत आणि छंद यांना तेथील दिनक्रमात स्थान मिळाले ते त्यासाठीच.

१९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था सुरू केली. नाटक, गाणी आणि सोपी मराठी यांच्या साहाय्याने मनाच्या आरोग्याचा विषय सर्वसामान्यांपर्यंत नेण्याचे काम तिने केले. मुलांना करिअरची दिशा दाखवणारी 'वेध' ही परिषदही तिचीच. मनोविकारतज्ज्ञ आणि नट असलेले डॉ. मोहन आगाशे यांनी १९८६ च्या सुमारास बर्लिनचे 'ग्रिप्स' हे बालनाट्य मराठीत आणले. मुलांच्या खऱ्या अडचणी मुलांसमोर मांडणारे हे नाटक होते. त्याला उपचार म्हणता येणार नाही. पण मुलांशी खरे बोलायला रंगभूमी किती उपयोगी पडते, हे त्याने दाखवले.

रीतसर प्रशिक्षणाचा विचार केला, तर पुण्याची वर्ल्ड सेंटर फॉर क्रिएटिव्ह लर्निंग फाउंडेशन ही संस्था 'आर्ट्स बेस्ड थेरपी' शिकवत आली आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत समुपदेशनावर भर असलेले मानसशास्त्राचे एम.ए. आहे. याच संस्थेने कोलकाता संवेद या संस्थेबरोबर नृत्य-हालचाल उपचाराचा पदविका अभ्यासक्रमही चालवला आहे.

शिकवतात तरी काय?

एक उदाहरण कल्पनेने घेऊ. समजा, आठवीतला एक मुलगा तीन महिन्यांपासून गप्प आहे. 'काय झाले?' असे विचारले की 'काही नाही' एवढेच उत्तर. समुपदेशक त्याच्यापुढे ओल्या मातीचा गोळा ठेवतो. मुलगा एक बंद पेटी करतो. न शिकलेला माणूस लगेच म्हणेल, "अरे, तू काहीतरी लपवतो आहेस!" मुलगा माती खाली ठेवील आणि विषय तेथेच संपेल. शिकलेला समुपदेशक अर्थ सांगत नाही. तो विचारतो, "ही पेटी कोठे ठेवावीशी वाटते? आतून काही ऐकू येते का?" मुलगा टेबलावर बोटांनी हळूच ठेका धरतो. समुपदेशकही तोच ठेका धरतो. थोड्या वेळाने मुलगा म्हणतो, "आजोबा गेल्यापासून आमच्याकडे कुणी मोठ्याने बोलत नाही."

मातीतून तालाकडे आणि तालातून शब्दाकडे असा हा प्रवास झाला. वरवर पाहता समुपदेशकाने काहीच केले नाही. पण कोठे थांबायचे, कोणता प्रश्न टाळायचा, मातीऐवजी रंग द्यायचे की नाही, आणि ते वाक्य ऐकल्यावर पुढची दोन मिनिटे गप्प कसे राहायचे, हे सारे शिकावे लागते. त्यासाठीच दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो.

त्यात सर्वसाधारणपणे पाच गोष्टी येतात. पहिली, मानवी विकास आणि मनोविकार यांचा अभ्यास. वयाला साजेसा हट्ट कोणता आणि काळजीचे लक्षण कोणते, हे त्यावाचून कळत नाही. दुसरी, समुपदेशनाच्या निरनिराळ्या पद्धती. तिसरी, साधनांचा अभ्यास. माती मोकळे करते तशी अस्वस्थही करू शकते. जलरंग पसरतात, पेन्सिल मात्र ताब्यात राहते. ज्याचे मन आधीच विस्कटले आहे, त्याला काय द्यायचे याचा विचार करावा लागतो. चौथी, नीतिनियम आणि गोपनीयता. पाचवी आणि सर्वांत मोठी, अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम. याला सुपरव्हिजन म्हणतात. अमेरिकेत समुपदेशनाच्या मान्यताप्राप्त एम.ए. ला ६० क्रेडिटचा अभ्यास असतो. त्याशिवाय १०० तासांचे प्राथमिक प्रात्यक्षिक आणि ६०० तासांची इंटर्नशिप असते. त्या ६०० पैकी किमान २४० तास प्रत्यक्ष माणसांबरोबर काम करावे लागते. अनेक ठिकाणी विद्यार्थ्याला स्वतःही कलेतून आपल्या मनाचा शोध घ्यायला लावतात. स्वतः कधी त्या खुर्चीत बसला नाही, त्याला समोरच्याचे अवघडलेपण कसे समजणार?

एक गैरसमज येथेच दूर करावा. काळा रंग वापरला म्हणजे निराशा, घराला खिडक्या नाहीत म्हणजे भीती, असे ठोकताळे या शिक्षणात शिकवत नाहीत. त्या दिवशी डब्यात काळाच खडू शिल्लक असेल! चित्राचा अर्थ काढणाऱ्यालाच माहीत असतो, आणि तो त्याच्याकडूनच कळतो.

ग्वाल्हेरकरांना हे नवीन नाही

पुस्तक आणि तालीम यांतला फरक ग्वाल्हेरला समजावून सांगण्याची गरज नाही. १९१८ मध्ये पं. भातखंडे यांच्या मार्गदर्शनाने येथे माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. स्वरलिपी आली, क्रमिक पुस्तके आली, वर्गात बसून गाणे शिकता येऊ लागले. तरीही गुरूसमोर बसून, चुकून, पुन्हा म्हणून दाखवल्याशिवाय ख्याल गळ्यावर चढत नाही, हे येथील घराघरांत ठाऊक आहे. समुपदेशनातली सुपरव्हिजन म्हणजे हीच तालीम. शनिवार-रविवारच्या शिबिरातून किंवा महिन्याभराच्या ऑनलाइन प्रमाणपत्रातून विषयाची ओळख होते. त्या बळावर कोणी स्वतःला उपचारक म्हणू लागला, तर सरगम शिकून मैफल मांडण्यासारखे होईल. फरक इतकाच, की तेथे बेसूर गाणे कानाला लागते. येथे एखाद्या मुलाचे मन पुन्हा मिटून जाते.

या कामाला लागणारी दोन्ही अंगे आपल्या शहरात आहेत. १९३५ मध्ये स्थापन झालेली ग्वाल्हेर मानसिक आरोग्यशाळा येथे आहे. १९९० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने रांची, आग्रा आणि ग्वाल्हेर येथील मनोरुग्णालयांच्या स्थितीची दखल घेऊन सुधारणेचे आदेश दिले, त्यांतलीच ही संस्था. दुसरीकडे २००८ मध्ये स्थापन झालेले राजा मानसिंह तोमर संगीत व कला विद्यापीठ आहे, आणि २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचे शहर म्हणून मान दिला आहे. कला आणि मनाचे आरोग्य या दोन्हींच्या मधली वाट चालणारी माणसे आपल्याच मुलांतून तयार झाली, तर त्याहून चांगले ते काय?

विद्यार्थ्यांसाठी

बारावीला कोणतीही शाखा असली तरी बी.ए. ला मानसशास्त्र घेता येते. त्यानंतर समुपदेशन किंवा उपयोजित मानसशास्त्रात दोन वर्षांचे एम.ए., आणि त्याच्या जोडीला किंवा नंतर कलोपचाराचे प्रशिक्षण, हा सरळ मार्ग आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचे असल्यास पुनर्वास परिषदेने मान्य केलेलाच अभ्यासक्रम करावा लागतो. त्या अभ्यासक्रमांच्या रचनेत सध्या बदल होत आहेत, म्हणून प्रवेशाच्या वर्षी परिषदेची यादी स्वतः पाहावी. परदेशातील पदवी येथे आपोआप मान्य होत नाही, हेही आधीच ध्यानात घ्यावे.

उत्तम चित्रकार किंवा गायक असणे आवश्यक नाही. आपल्या कलेची हौस बाजूला ठेवून दुसऱ्याच्या वेड्यावाकड्या रेघेकडे आदराने पाहता येणे आवश्यक आहे. सुरुवातीला पगार बेताचा असतो आणि ऐकून ऐकून मन थकते, याची कल्पना घरच्यांनाही द्यावी. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या परिशिष्टात समुपदेशकांबरोबर कला, नृत्य आणि हालचाल उपचारकांचाही उल्लेख आहे. म्हणजे कायद्याने या व्यवसायाला नाव दिले आहे. 'चित्रे काढून पोट भरते का?' या जुन्या प्रश्नाला एवढे उत्तर तरी आता देता येईल.

संचालक आणि पालकांसाठी

समुपदेशक नेमताना पदवी कोणत्या विद्यापीठाची, अभ्यासात प्रत्यक्ष काम किती तास केले, ते कोणाच्या देखरेखीखाली केले आणि आजही अडचणीत कोणाचा सल्ला घेतात, हे चार प्रश्न जरूर विचारावेत. चौथ्या प्रश्नावर 'मला कोणाची गरज पडत नाही' असे उत्तर आले, तर तेथे थांबावे.

आपला समाज लहान आहे. लष्करातले घर मोरारच्या घराला ओळखते, गणेशोत्सवात सगळे भेटतात, सोयरिकी जुळतात. तेव्हा ओळखीतल्या, नात्यातल्या कोणाला तरी नेमण्याचा मोह होईल. पण समुपदेशक ही मुलाची मावशी, वर्गशिक्षिका किंवा एखाद्या ट्रस्टींची सून असेल, तर ते मूल तिच्यापुढे काय बोलेल? एकाच माणसाशी दोन नाती ठेवू नयेत, हा समुपदेशनाच्या नीतीचा मूलभूत नियम आहे, आणि लहान समाजात तो सर्वांत अवघड. बाहेरची, मराठी आणि हिंदी दोन्ही समजणारी व्यक्ती मिळाली तर उत्तम. आपली मुले घरी मराठीत रुसतात आणि मित्रांजवळ हिंदीत मोकळी होतात.

समुपदेशकाला दार बंद होईल अशी एक खोली द्यावी. तेथे काढलेली चित्रे स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात लावू नयेत. ती मुलाची आहेत. आत काय बोलणे झाले, हे मुख्याध्यापकांनी विचारू नये आणि पालकांनीही खोदून काढू नये. जिवाला धोका असेल, तर समुपदेशक स्वतःच पालकांना सांगतो. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे कळवणे बंधनकारकच आहे. गोपनीयतेच्या या मर्यादा तो मुलाला पहिल्याच भेटीत समजावून देतो.

आणि समुपदेशक येईपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. टेलि-मानस ही सरकारी दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून सेवा विनामूल्य आहे. हा क्रमांक प्रत्येक वर्गाच्या फळ्याशेजारी लिहावा. 'आरोग्यशाळेत नेले' हे शब्द कुजबुजत उच्चारण्याची आपली सवयही सोडावी. ताप आला की आपण दवाखान्यात जातो, तसेच हे आहे. लग्न जुळणार नाही या भीतीने लांबवलेला उपचार पुढे फार महाग पडतो, आणि ती किंमत आपले मूल मोजते.

येत्या शैक्षणिक वर्षाच्या नियोजनात समुपदेशकाच्या पदाचा, त्याच्या खोलीचा आणि शिक्षकांच्या दोन प्रशिक्षणांचा विचार संचालक मंडळाने करावा, ही विनंती. आणि पालकांना एवढेच सांगणे, की आपली मुलगी 'मला मानसशास्त्र घ्यायचे आहे' असे म्हणाली, तर 'मग डॉक्टर का नाही होत?' असे विचारण्याआधी तिचे म्हणणे पाच मिनिटे मध्येच न तोडता ऐकून घ्यावे. त्या अभ्यासक्रमात सर्वांत आधी हेच शिकवतात.